सप्ताह, प्रसाद आणि रक्तदाब

आमच्या अफजलपूर तालुक्यात, भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ, गाणगापूर वसले आहे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी असे घर विरळाच, की ज्यातील कोणी ना कोणी निर्गुण पादुकांच्या दर्शनास येऊन गेलेले नाही. मध्यान्हीच्या आरतीच्या वेळी तेथील गर्दीकडे पाहावे. तीत सुखवस्तू यात्रेकरू असतातच. पण डोळ्यांत भरतात ते पीडित. कोणाचे पोट, कोणाचे सांधे, कोणाचा भ्रमिष्ट झालेला तरुण मुलगा. माणूस देवाकडे येतो तो बहुधा आपले दुखणे घेऊनच येतो.

आणि हे आजचे नव्हे. 'गुरुचरित्र' हा ग्रंथ उघडून पाहिला तर एका अर्थी तो रुग्णांचाच ग्रंथ आहे असे म्हणावे लागेल. पोटशूळाने कंटाळून गोदावरीत जीव द्यावयास निघालेला ब्राह्मण तेथे भेटतो. कुष्ठाने पीडलेला नरहरी वाळलेल्या औदुंबराच्या लाकडास पाणी घालीत बसलेला दिसतो. मांडीवरील स्फोटकाने हैराण झालेला बेदरचा राजा श्रीगुरूंना शोधीत गाणगापुरापर्यंत येतो. यांतील पोटशूळाची कथा आमच्या विशेष आवडीची. त्या ब्राह्मणास अन्न म्हणजे वैरी झाले होते. श्रीगुरूंनी त्यास सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घालण्यास सांगितले, आणि यजमान भ्यालेला असूनही त्यांनी तो आग्रह सोडला नाही. हा सायंदेव आमच्या शेजारच्या आळंद तालुक्यातील कडगंचीचा. त्याच कडगंचीत आज कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे, ही जाता जाता नोंदविण्याजोगी गोष्ट. या कथेकडे आपणांस पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

परंतु त्या काळची दुखणी आणि आजची दुखणी यांत एक मोठा फरक पडला आहे. पोटशूळ, स्फोटक, कुष्ठ ही दुखणी बोलकी होती. ती माणसास उठवीत, पळवीत, देवाच्या दारात आणून उभी करीत. आजची दोन मोठी दुखणी, रक्तदाब आणि मधुमेह, ही मुकी आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी शंभरांत 11 जणांस मधुमेह आणि 35 जणांस उच्च रक्तदाब आढळला. मधुमेहींची एकूण संख्या दहा कोटींच्या घरात जाते. आता, रक्तदाबासाठी नवस बोललेला माणूस वाचकांपैकी कोणी पाहिला आहे काय? ज्यास काही दुखतच नाही तो देवाकडे जात नाही आणि वैद्याकडेही जात नाही. अर्धांगाचा झटका आला म्हणजे मग दोन्हीकडे धावाधाव सुरू होते. तेव्हा अशा रुग्णास शोधावयाचे असेल तर तो निरोगी समजून जेथे हसतखेळत बसलेला असतो तेथेच त्यास गाठले पाहिजे. देवाच्या नावाने जमलेल्या माणसांत आरोग्याचे काम का करावे, याचे उत्तर आमच्या मते येथे आहे.

हे काम चिकाटीने करून दाखविणारा एक समाज अमेरिकेत आहे. तेथील कृष्णवर्णीयांची कथा वाचकांस स्थूलमानाने ठाऊक असेलच. गुलामगिरीत त्यांस स्वतःचे असे काही नव्हते, आणि पुढे जे मिळाले त्यांत पहिले म्हणावे असे त्यांचे चर्च. फिलाडेल्फिया शहरात रिचर्ड ॲलन आणि अब्सलॉम जोन्स या दोघांनी 1787 साली आपल्या लोकांसाठी एक परस्परसाहाय्यक मंडळ काढले. गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेले असताना त्यांच्यातील माणसांस उठवून बाजूस काढण्यात आले, आणि मग त्यांनी वेगळा मार्ग धरला. हे वाचताना आम्हांस महाद्वारापाशीच थांबविलेल्या चोखोबांची आठवण झाली. 1793 साली त्या शहरात पीतज्वराची साथ आली. शहराची सुमारे दशांश वस्ती त्यात गेली. काळ्या माणसास हा ज्वर होत नाही अशी त्या वेळच्या नामांकित डॉक्टरांची समजूत होती. त्यांच्या विनंतीवरून ॲलन-जोन्स यांची माणसे गोऱ्या रुग्णांची शुश्रूषा करावयास आणि प्रेते उचलावयास पुढे झाली. समजूत खोटी होती. त्यांच्यातलेही दोनशेंहून अधिक मेले. वर, यांनी सेवेच्या नावाखाली पैसे उकळले असा आरोप एका पुस्तकात छापून आला! त्यास या दोघांनी 1794 साली छापील उत्तर दिले. याच साली ॲलन यांनी एक जुनी लोहारशाळा आणून तीत आपले चर्च थाटले. म्हणजे हे चर्च उभे राहण्यापूर्वीच त्याच्या माणसांनी रुग्णसेवा केलेली होती.

पुढे 1915 साली बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कीगी येथून 'राष्ट्रीय निग्रो आरोग्य सप्ताह' सुरू केला. सप्ताह हा शब्द आमचा आहे असे आम्ही समजत होतो! घरे-अंगणे झाडणे, विहिरी स्वच्छ करणे, शाळांतून मुलांची तपासणी आणि रविवारी चर्चमध्ये आरोग्यावर प्रवचन, असा त्याचा सात दिवसांचा कार्यक्रम असे. आणि तो सुमारे पस्तीस वर्षे चालला.

त्याच टस्कीगीच्या नावास पुढे काळिमा लागला. 1932 पासून 1972 पर्यंत अमेरिकी शासनाच्या आरोग्यखात्याने तेथील सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक 'अभ्यास' चालविला. त्यांतील जवळजवळ चारशे जणांस उपदंशाचा रोग होता. पेनिसिलीन हे खात्रीचे औषध हाती आल्यानंतरही ते त्यांस मुद्दाम देण्यात आले नाही. रोग शेवटपर्यंत कसा जातो हे पाहावयाचे होते. 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याबद्दल क्षमा मागितली. एवढे झाल्यावर सरकारी दवाखान्यातून आलेल्या माणसावर त्या समाजाने विश्वास कोणत्या तोंडाने ठेवावा? जे ऐकावयाचे ते चर्चमधील आपल्या माणसाकडूनच, अशी त्यांची धारणा झाली तर त्यास अडाणीपणा म्हणता येणार नाही.

आरोग्याच्या संशोधकांनी हे ओळखले आणि ते चर्चकडे गेले. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या दहा ग्रामीण जिल्ह्यांत 1994 ते 1996 या काळात पन्नास कृष्णवर्णीय चर्चच्या सहभागाने एक प्रयोग झाला. हेतू अगदी साधा होता: लोकांनी फळे-भाज्या अधिक खाव्यात. त्यासाठी चर्चमधल्याच काही बायाबापड्यांस शिकवून आरोग्यसेविका केले. पाद्र्यांनी वेदीवरून दोन शब्द सांगितले. चर्चच्या जेवणावळीतील पदार्थ बदलले, पाककृतींची चव लोकांस देऊन पाहिली, परसात भाज्या लावल्या, जवळच्या वाण्यांशीही बोलणी केली. तळलेले मांस आणि खारट-गोड पक्वान्ने हे त्या चर्चच्या पंगतीचे वैभव. त्यास हात घालणे म्हणजे आमच्याकडे भंडाऱ्यातील हुग्गीला हात घालण्यासारखेच. दोन वर्षांनी मोजदाद केली तेव्हा प्रयोगातील चर्चचे लोक इतरांपेक्षा रोज जवळजवळ एक वाढप फळे-भाज्या अधिक खात होते. एका वाढपाने काय होते, असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणतो, सरकारी भित्तिपत्रकांनी अर्धे तरी वाढप वाढविल्याचे कोणी दाखवावे.

रक्तदाबाचा प्रयोग न्यूयॉर्क येथील 32 चर्चमध्ये झाला. त्याचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. प्रार्थना आणि धर्मवचने यांत गुंफलेले पाठ चर्चमधल्याच प्रशिक्षित सेवकांनी चालविले. सहा महिन्यांनी त्या मंडळींचा वरचा रक्तदाब तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा सुमारे सहा अंकांनी अधिक उतरला होता. नऊ महिन्यांच्या तपासणीत मात्र हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. आम्ही ही दुसरी गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अशा कामांच्या वर्णनात ती बहुधा गाळली जाते.

आता कोणी म्हणेल, आमच्याकडे हे सारे पूर्वीच होते. होते, यात शंका नाही. गाडगे महाराजांनी हाती झाडू घेऊन गाव झाडला आणि रात्री त्याच गावात कीर्तन केले. श्रोत्यांस प्रश्न विचारावयाचा, त्यांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे, ही त्यांची रीत. आम्हां मास्तर लोकांस ती प्रशिक्षण-महाविद्यालयांत शिकवावी लागते. ती त्या निरक्षर पुरुषास उपजत होती. मुंबईत कर्करोगाच्या उपचारांसाठी दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या रुग्णांस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आजही केवढा आधार आहे! तुकडोजी महाराजांनी तर 'ग्रामगीते'त ग्रामआरोग्यास स्वतंत्र अध्याय दिला. पंढरीच्या वाटेवर कॉलऱ्याने माणसे पटापट मरत. टोचून घेतल्याचा दाखला असल्याशिवाय यात्रेस जाऊ देत नसत, अशा गोष्टी आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत. आज त्याच वाटेवर फिरती शौचालये असतात, दवाखाने असतात, आणि महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने 2023 साली 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' असा उपक्रम चालविला.

हे सर्व उत्तम आहे. परंतु यात्रेतील तपासणी आणि त्या चर्चमधील तपासणी यांत एक भेद आहे, आणि आमच्या समजुतीप्रमाणे सारे मर्म त्यात आहे. गाणगापुरास येणारा माणूस दर्शन घेतो, संगमावर स्नान करतो, आणि आपल्या गावी परत जातो. आज तेथे कोणी त्याचा रक्तदाब मोजून 170 सांगितला, तरी महिन्याने तो उतरला की नाही हे विचारणारा कोण? चर्चचे तसे नाही. तेथे नोंदवही असते. दर रविवारी तीच माणसे त्याच बाकांवर बसतात. एखादी म्हातारी आली नाही तर दोघीजणी तिच्या घरी जाऊन चौकशी करतात. रक्तदाबाचा उपचार म्हणजे तरी दुसरे काय? तीच गोळी रोज, तीच चौकशी दर महिन्यास, बरे वाटत असतानाही, वर्षानुवर्षे. तेव्हा आमच्याकडे चर्चच्या जोडीस बसणारी संस्था मोठे देवस्थान नव्हे. ती आहे गल्लीतील भजनी मंडळ, गुरुवारचे दत्तमंडळ, बायकांचे हरिपाठ मंडळ, आणि वर्षानुवर्षे त्याच माणसांची चालणारी दिंडी. कोणाचा आवाज बसला आहे, कोण आज टाळ घेऊन उठताना धापले, हे त्या मंडळास डॉक्टरच्या आधी कळते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांस याचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. आमच्या भागात आरोग्यकेंद्रातील परिचारिका कन्नड बोलते, भिंतीवरील पाटी कन्नड आहे, औषधाच्या पाकिटावर इंग्रजी आहे. यात कोणाचाच दोष नाही. राज्याची भाषा तीच आहे आणि ती आपण शिकलीच पाहिजे. परंतु सत्तरी ओलांडलेली आजी बाजारापुरते कन्नड बोलते. 'जेवणापूर्वी अर्धी गोळी, जेवणानंतर पूर्ण' हे दवाखान्यातील घाईत तिच्या कानावरून जाते. तिला ते मराठीत, सावकाश, दोनदा सांगणारे ठिकाण भजनाशिवाय दुसरे कोणते? शाळेच्या पालकसभेत खाली मान घालून बसणारे गृहस्थ भजनात खड्या आवाजात चरण उचलतात, हे आम्ही अनेक वर्षे पाहत आहोत. जेथे माणसाचा आवाज मोकळा होतो तेथे त्याचे कानही उघडे असतात.

आता मूळ काळजीच्या विषयाकडे येऊ. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या दत्तजयंतीपूर्वी घरोघर गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. सात दिवस एकभुक्त राहावयाचे, काही जण केवळ फलाहारावर राहतात. आमच्या परिचयातील एक सेवानिवृत्त गृहस्थ मधुमेही. सप्ताहात त्यांनी अन्न सोडले, पण गोळी सोडली नाही. औषध चुकवू नये असे डॉक्टरांनी बजावले होते, आणि ते त्यांनी अक्षरशः पाळले. पाचव्या दिवशी पोथीवर बसले असताना त्यांचे अंग घामाने भिजले, हात कापू लागले, शब्द भलतेच येऊ लागले. भोवतालच्या मंडळींनी हात जोडले. महाराजांचा संचार झाला, असे त्यांस वाटले! सुदैवाने घरात एक सून जाणती होती. तिने साखरपाणी पाजले, आणि दहा-पंधरा मिनिटांत संचार उतरला.

मधुमेहाच्या काही गोळ्या अशा आहेत की पोटात अन्न असो वा नसो, त्या रक्तातील साखर खाली ओढीतच राहतात. उपवास आणि अशी गोळी एकत्र आली की साखर धोक्याच्या रेषेखाली जाते. घाम, कंप, भ्रम आणि शेवटी बेशुद्धी असा तिचा क्रम असतो. माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा गूळ पाण्यातून लगेच द्यावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ रुग्णालय गाठावे. याच्या उलट, उपवास म्हणून रक्तदाबाची गोळीही बंद करणारे असतात. त्यांची कथा वेगळ्या रीतीने तितकीच वाईट होते. म्हणून मधुमेह्याने सप्ताहास बसण्यापूर्वी, निदान पंधरा दिवस आधी, डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची मात्रा आणि आहार ठरवून घ्यावा, आणि हे त्यास सांगण्याचे काम पारायण ठरविणाऱ्या गुरुजींनी करावे. 'शरीर हे देवाचे मंदिर' हा बायबलातील विचार घेऊन तिकडचे पाद्री जेवणावळ बदलतात. आमच्या गुरुजींस त्याहून जवळचा आधार आहे. ज्या ग्रंथाचे पारायण करावयाचे त्याच ग्रंथात श्रीगुरू आजारी माणसास उपाशी ठेवीत नाहीत, समोर बसवून जेवू घालतात.

दुसरा विषय नाजूक आहे, पण गाणगापूरच्या शेजारी राहून तो टाळता येणार नाही. बाधा झाली म्हणून तेथे आणल्या जाणाऱ्यांत मनोरुग्ण पुष्कळ असतात. त्यांस देवापाशी आणू नये असे आम्ही म्हणणार नाही. तमिळनाडूतील एका देवळात सरासरी सहा आठवडे राहिलेल्या 31 मनोरुग्णांचा अभ्यास काही मनोविकारतज्ज्ञांनी केला. तेथे औषध नव्हते, परंतु आस्थेची वागणूक आणि नेमाची छोटी कामे होती, आणि रुग्णांच्या लक्षणांत सुमारे वीस टक्के उतार दिसला. तो अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्याच राज्यातील एरवाडी येथे एका वर्षापूर्वी, 6 ऑगस्ट 2001 रोजी, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवासास आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण जळून मेले. देवाचे दार दोन्हींकडे होते; फरक साखळीचा होता. 2017 च्या कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधण्यास आता मनाई आहे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावर स्वतःच रुग्णास आवारातील मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवितात. 'दवा आणि दुआ' असे त्या योजनेचे नाव आहे. शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत बोलते. आरतीस आणलेल्या मुलाच्या आईने गाणगापुराहून परतताना तो क्रमांक आपल्या वहीत टिपून न्यावा, एवढे आमचे म्हणणे.

एक इशाराही देतो. धर्मस्थानी आरोग्य बोलू लागले की त्याच्या मागोमाग औषधविके येतात. प्रवचनाच्या शेवटी चूर्णाच्या बाटल्या विकावयास काढणारे बुवा आमच्या पाहण्यात आहेत. मंडळाने तपासावे, सांगावे, डॉक्टरांकडे पाठवावे. औषध देऊ नये आणि विकू तर मुळीच नये.

आमच्या गावच्या भजनी मंडळाने दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेतले. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, भजनापूर्वी अर्धा तास, एक सेवानिवृत्त परिचारिका बसतात. आल्याबरोबर नव्हे, पाच मिनिटे स्वस्थ बसल्यावरच मोजतात. आकडा मोठ्याने उच्चारावयाचा नाही, हा पहिल्याच दिवशी ठरलेला नियम. कारण दोन सुनांच्या सासूबाईंचा रक्तदाब साऱ्या गल्लीस कळला तर तो आणखी वाढेल, हे परिचारिकाबाईंनीच सुचविले. वरचा आकडा 140 किंवा खालचा 90 भरला की नावापुढे खूण होते, पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजतात, आणि दोन्ही वेळा तसाच भरला तर मंडळातील एक जण त्या व्यक्तीसोबत आरोग्यकेंद्रात जातो. कन्नड चांगले येणाराच जातो. यंदाच्या सप्ताहात भंडाऱ्याच्या पंगतीत लोणचे-पापड मागितल्याशिवाय वाढावयाचे नाहीत असे ठरले आहे. माणसास दिवसाकाठी पाच ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर, मीठ पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हुग्गीविषयी मात्र दोन बैठका होऊनही एकमत झालेले नाही. ती अर्धी वाटी वाढावी असा एक पक्ष आहे, आणि प्रसादास माप लावू नये असा दुसरा. तिसरी बैठक येत्या गुरुवारी आहे.